एका रेघेचा चौकोन

१

धर्माजीचा पेला डुगडुगायचा.

तो उगाच डुगडुगत नव्हता. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यांतल्या एका गाळ्यात धर्माजीनं सगळी उमर डाया बनवण्यात घातली. डाय म्हणजे लोखंडाचा साचा. तिच्यावर पत्रा दाबला की भांडं निघतं. धर्माजीनं एकट्याच्या हातानं केलेल्या पहिल्या डायमधून जो पहिला नग निघाला, तो हा पेला. बूड एका अंगाला केसभर उतरलेलं. शेठ म्हणाला, भंगारात टाक. धर्माजीनं तो सदऱ्याखाली लपवून घरी आणला. अनसूया तेव्हा नवी नवरी होती. तिनं नाव घालणाऱ्याकडे जाऊन पेल्यावर टिंबाटिंबांत नवऱ्याचं नाव घालून आणलं. पुढे अनसूया गेली, गाळा सुटला, पेला तेवढा राहिला.

चहा पिऊन तो ओट्यावर ठेवला की दोन आवाज व्हायचे. टुक, आणि जरा थांबून पुन्हा टुक. सून स्वप्नाली हसायची. म्हणायची, "बाबा, तुमचा पेला तुमच्यासारखाच आहे. एकदा बोलून गप्प बसत नाही."

भाईंदरच्याच जेसल पार्कमधल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळं वेळच्या वेळी चालायचं. सकाळी पाणी आलं की पिंप भरायचं, मग चहा. दुपारी झोप काढायची, मग पुन्हा चहा. म्हाताऱ्या माणसाला आणखी लागतं काय? धर्माजीला विचाराल तर लागत होतं. पण त्याला कोणी विचारत नव्हतं.

एका रविवारी दुपारी त्यानं चहा संपवून पेला ओट्यावर ठेवला. टुक.

तो थांबला. दुसरा आवाज आला नाही.

त्यानं बोटानं काठ दाबला. पेला हलेना. खडकावर बसल्यासारखा बसला होता. धर्माजीच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पेरभर तुटलेलं, पत्रा दाबायच्या प्रेसनं खाल्लेलं. त्या थोट्या बोटानं त्यानं पुन्हा दाबलं, या अंगानं, त्या अंगानं. काही नाही.

"स्वप्नाली, पेला बदललास का गं?"

"मी कशाला बदलू? नाव वाचा की त्यावरचं."

नाव होतं. त्याचंच होतं. धर्माजी चौथीपर्यंत शिकलेला, पण स्वतःचं नाव तो अंधारातही ओळखेल.

आतल्या खोलीत मुलगा यतीन कंप्युटरवर बसला होता. शेजारी खुर्ची ओढून स्वप्नालीचे वडील बसले होते. दोघं कशावर तरी हसत होते. धर्माजीनं त्या हसण्याकडे कान दिला, आणि पेल्याचं विसरला.

संध्याकाळी पाणी प्यायला तोच पेला घेतला, तर टुक, टुक. पूर्वीसारखा.

ओटा ओला असेल, बूड चिकटून बसलं असेल, धर्माजीनं मनाशी म्हटलं. दुसरं काय असणार?

२

स्वप्नालीचे वडील म्हणजे पंढरीनाथ. विमा कंपनीत हेडक्लार्क होते. राहायला परळला. तिथली चाळ पाडून टॉवर बांधायला घेतला, म्हणून लेकीकडे आले. "चार दिवस राहतो," म्हणाले होते. असे चार दिवस आजवर कोणाचे संपलेत?

धर्माजीला त्यांच्यात नाव ठेवायला जागा सापडत नव्हती, याचाच जास्त राग यायचा. माणूस नीटनेटका. सकाळी इंग्रजी पेपर घेऊन कोडं सोडवणार. दिवाणावरची चादर स्वतः घडी करणार. चहा चिनीमातीच्या कपातून, बशी खाली धरून, आवाज न करता पिणार. लेक म्हणणार, "पप्पा, आणखी घ्या ना." आणि यतीनही त्यांना पप्पाच म्हणणार. अहो पप्पा, बसा पप्पा, तुम्ही सांगा पप्पा.

बापाला मात्र अरे-तुरे. "बाबा, जरा सरक." "बाबा, तू जेवलास?" घरातल्या जुन्या पक्कडीला म्हणावं तसं.

कधीकाळी हाच यतीन गाळ्यात उलट्या डब्यावर बसून बापाचं काम बघायचा. तेलाच्या वासानं डोकं दुखलं तरी उठायचा नाही. आणि आता शेजारी खुर्ची कोणाची, तर ज्यानं आयुष्यात कधी लोखंडाला हात लावला नाही त्याची. कारण काय, तर यतीनच्या कंपनीला एका विमेवाल्यांचं काम मिळालेलं, आणि पप्पांना विम्यातलं सगळं कळतं.

एक दिवस धर्माजी दारात जाऊन उभा राहिला. "करतोयस तरी काय रे एवढं? मलाही सांग की."

यतीन वळला. "सांगतो. बाबा, तू प्रत्येक पेला हातानं ठोकून बनवायचास का?"

"हातानं ठोकायला मी काय तांबट आहे? डाय करायचो."

"तसंच. आम्ही प्रोग्राम हातानं लिहीत नाही, चित्र काढतो. हे बघ. हा चौकोन म्हणजे विमा घेणारा माणूस. ही बायको, ही पॉलिसी. कोणाचा कोणाशी संबंध, त्याच्या या रेघा. चित्र दिलं की मशीन प्रोग्राम पाडतं."

"म्हणजे चित्र ही डाय."

"बरोब्बर. आणि असली चित्रं कशी काढायची, त्यात कुठल्या प्रकारचे चौकोन चालतील, ते ठरवणारं वरती एक चित्र असतं. मेटामॉडेल म्हणतात त्याला. कोणीतरी घाईघाईत केलेलं आहे, नुसता गोंधळ. मी ते नीट लावतोय."

"डायची डाय," धर्माजी म्हणाला.

"वा व्याहीबुवा!" पंढरीनाथ हसून म्हणाले. "अगदी काटेकोर नाही, पण सांगायला झकास आहे."

धर्माजीच्या अंगाचा तिळपापड झाला. शाबासकी द्यायला हा कोण? तो मुलाकडेच बघत म्हणाला, "वरची डाय बदललीस तर खालच्या सगळ्या डाया परत कराव्या लागतील."

"लागतात."

"आणि विकला गेलेला माल? लोकांच्या मांडणीवर गेलेली भांडी?"

यतीननं टाळी दिली. खरंच दिली, बापाच्या हातावर. "बाबा, आमच्या साहेबाला हे समजावायला मला महिना लागला! तीच खरी डोकेदुखी. जुना माल नव्या साच्यात बसला पाहिजे. म्हणून जिथं असेल तिथं तो बदलायचा. त्याचाही प्रोग्राम मीच करतोय."

"लोकांच्या घरात बसल्या जागी भांडी बदलणार?"

"बदलणार. त्यांना कळणारसुद्धा नाही."

धर्माजी त्या दिवशी खुशीत जेवला. टाळीची ऊब तळव्यावर बराच वेळ होती. पण हात धुवून बाहेर आला तर यतीन पुन्हा पप्पांना काहीतरी विचारत होता, आणि पप्पा समजावत होते. ऊब गेली. आत जळायचं ते पुन्हा जळायला लागलं.

३

यतीननं तालमीसाठी कंप्युटरात स्वतःचंच घर घातलं होतं. कंपनी खऱ्या गिऱ्हाइकांची माहिती घरी आणू देत नाही, म्हणून. पडद्यावर तो, स्वप्नाली, आणि बाजूला दोन चौकोन.

"हे दोघं कोण?"

"एक तू, एक पप्पा. जुन्या साच्यात वडील हा वेगळा प्रकार आहे, सासरे हा वेगळा. दोघांचं काम एकच. घरातला म्हातारा माणूस, ज्याचा विमा मुलानं भरायचा. मग दोन प्रकार कशाला? एक करायचा."

"मी आणि हे एकात?"

"नुसता प्रकार एक रे! माणसं दोनच राहतात." यतीननं डोकं खाजवलं. "राहायला पाहिजेत. पण विमेवाल्यांचा नियम आहे, एका घरात या प्रकारचा एकच चालेल. त्यामुळे जिथं दोघं आहेत तिथं मशीन अडतं आणि विचारतं, कोणाला ठेवू? आपल्याच घराशी येऊन अडतंय. मी करून बघतो, बरोबर वाटत नाही, परत मागे घेतो. रविवारभर हाच खेळ चाललाय."

"ज्याला ठेवला तो राहिला. मग दुसऱ्याचं काय?"

"त्याचं जे काही असेल ते पहिल्यात जातं. पहिल्यात ज्याला जागा आहे तेवढं."

"आणि ज्याला जागा नाही ते?"

"गळतं."

"गळून जातं कुठं?"

यतीननं वर बघितलं. "कुठं नाही बाबा. गळतं."

धर्माजीला गाळा आठवला. तिथंही एकाच मापाच्या दोन डाया झाल्या की एक मोडीत काढायचे. कुठली ठेवायची, ते डायच्या तोंडावरून ठरवायचे. जिच्या तोंडावर पत्र्याचे चरे जास्त, तिनं जास्त माल काढला. ती कामाची, ती ठेवायची. दुसरीच्या तोंडावर हातोड्याचा एक घाव घालायचा, म्हणजे कोणी चुकून ती परत चढवायला नको. आणि घाव कोणी घालायचा, तर ज्यानं ती डाय केली त्यानंच. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. म्हाताऱ्या शेठपासूनची रीत. धर्माजीनं ती मुलाला सांगितली.

यतीननं पडद्यावरच्या त्या दोन चौकोनांकडे बघितलं. "म्हणजे मलाच मारावी लागेल," म्हणाला.

"यातला माझा चौकोन कुठला?" धर्माजीनं विचारलं. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी.

यतीननं पटकन ते चित्र बाजूला सारलं. "जाऊ दे ना बाबा. नमुना तर आहे." आणि कान लाल झाले त्याचे. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे.

४

पुढच्या रविवारी दुपारी पेला पुन्हा एकदाच वाजला.

या वेळी धर्माजीनं ओटा पुसून बघितला. कोरडा होता. पेला सरकवून खिडकीच्या दगडावर ठेवला. हलेना. शेजारी मांडणीवर पंढरीनाथांच्या घरून आलेले पेले होते, लेकीच्या लग्नातले. त्यांतला एक काढून त्यानं आपल्या पेल्याजवळ धरला. जुळी भावंडं. काठाची गोलाई, पोटाचा फुगार, सगळं सारखं. नाव तेवढं आपलं, पण टिंबं बुजल्यासारखी झालेली. बोट फिरवलं तर कुठं लागत होती, कुठं नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू वाढला असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. बोटांनाही मोतीबिंदू होतो का, ते मात्र त्याला सांगता येईना.

आतून यतीनची बटणं दाबल्याची टकटक येत होती. एरवी तिच्या जोडीला पंढरीनाथांचं बोलणं असायचं. आज नव्हतं. धर्माजी बाहेरच्या खोलीच्या दारात आला.

पंढरीनाथ दिवाणावर पाठमोरे बसले होते. पेपर जमिनीवर घसरलेला. कधी पेपर जमिनीला लागू न देणारा माणूस. त्यांनी डावा हात खिडकीच्या उजेडात धरला होता आणि त्याकडे बघत होते. खांदे एवढे ताठ, की श्वास चाललाय की नाही कळू नये.

त्या हाताचं पहिलं बोट पेरभर आखूड होतं.

धर्माजीला ते स्वच्छ दिसलं. उजेड मागून होता, बोटं काळी दिसत होती, चार उंच आणि एक थोटं. थोट्याचं टोक जरा वाकडं. प्रेस वाकडी पडली होती म्हणून.

"व्याहीबुवा," पंढरीनाथ न वळता म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "तेलाचा वास येतोय का हो कुठून?"

धर्माजी काही बोलणार तोच आत यतीन "छ्या!" म्हणाला, आणि एक बटण जोरात वाजलं. पंढरीनाथांनी मूठ मिटली. पुन्हा उघडली तेव्हा पाचही बोटं धड होती. त्यांनी वाकून पेपर उचलला, झटकला, घडी घातली.

चहाच्या वेळी धर्माजीनं त्यांच्या हाताकडे टक लावून बघितलं. गोरी, सरळ, कारकुनी बोटं. आपल्याला भास झाला, असं धर्माजीनं ठरवलं. या माणसाचा विचार एवढा डोक्यात शिरलाय, की नको ते दिसायला लागलंय.

आणि तरी खरी गोष्ट ही, की भीतीपेक्षा त्याला राग जास्त आला होता. मुलगा घेतला, खुर्ची घेतली, आता माझं बोटसुद्धा घेतो?

त्या वेळी स्वतःच्या हाताकडे बघायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं.

५

शेवटी आला तो रविवार. स्वप्नाली बाजारात गेली होती. पंढरीनाथ बाहेर दिवाणावर झोपले होते. संथ, सारखं घोरणं, माणसासारखंच नीटनेटकं. धर्माजी आतल्या खोलीत यतीनच्या मागे उभा होता. पडद्यावर ते दोन चौकोन, मध्ये इंग्रजीत प्रश्न.

"अजून तिथंच?"

"उद्या द्यायचंय रे हे. साहेब बोंब मारतोय." यतीननं डोळे चोळले. "सोपं आहे तसं. ज्याच्या रेघा जास्त तो ठेवायचा, असाच कायदा आहे आमच्यात. पण हात उचलत नाही."

"का नाही उचलत?"

यतीन सांगणार होता. तोंड उघडलं होतं त्यानं. तेवढ्यात मोबाइल वाजला. आतल्या खोलीत आवाज तुटायचा, म्हणून तो उठून गॅलरीत गेला. "हां सर… सर, आज कर देता हूँ… नहीं सर, बस एक ही जगह अटका है…"

धर्माजी खुर्चीत बसला. मुलाची खुर्ची अजून गरम होती.

एका चौकोनाला चहूकडून रेघा येत होत्या. वरून, खालून, तिरक्या, एकमेकींना कापणाऱ्या. दुसरा चौकोन कोपऱ्यात, जवळजवळ रिकामा. त्याला एकच रेघ.

धर्माजीला वाचायची गरजच पडली नाही. उभा जन्म त्यानं डायची तोंडं वाचली होती. चरे कोणाच्या तोंडावर जास्त? ज्यानं काम केलं त्याच्या. पहाटे उठून गाळा कोणी उघडला? बोट कोणी दिलं? या घराच्या भिंती कोणाच्या घामावर उभ्या आहेत? सगळ्या रेघा माझ्याकडेच येणार. आणि तो कोपऱ्यातला, एका रेघेवर लोंबकळणारा, लेकीच्या आधारानं दुसऱ्याच्या घरात राहणारा, तो कोण हे काय सांगायला हवं? म्हणूनच पोराचा हात उचलत नाही. सासऱ्याला घाव कसा घालायचा!

बायकोच्या बापापुढे पोरगा एवढा मऊ पडतो, हे डोक्यात आलं आणि धर्माजीचे दात आवळले गेले.

ज्यानं केली त्यानंच मारायची, हे त्याला आठवलं. पण करणाऱ्यालाही मीच घडवलाय, त्यानं मनात म्हटलं.

रविवारच्या रविवार बघून त्याला कंप्युटरचा उंदीर हलवणं जमत होतं. त्यानं बाण रेघांच्या गर्दीवर नेला आणि दाबलं. तो चौकोन निळा झाला. मग यतीन शेवटी नेहमी दाबायचा ते मोठं बटण धर्माजीनं थोट्या बोटानं दाबलं.

कोपऱ्यातला चौकोन गेला. त्याची रेघ मात्र लगेच गेली नाही. टोकाला काही नसताना ती तशीच थोडा वेळ तिरकी लोंबत राहिली, जसा कोणाचा हात सुटल्यावर हात राहतो. मग तीही गेली.

बाहेरचं घोरणं श्वास अर्धा घेतलेला असताना थांबलं.

धर्माजी कान देऊन बसला. तो श्वास पुरा होण्याची वाट बघत राहिला. गॅलरीतून यतीनचं बोलणं येत होतं, खाली कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. बाहेरच्या खोलीतून काही येत नव्हतं.

तो उठून बघायला गेला नाही. तेलाचा वास आला, अगदी जवळून, आणि विरला. मग त्याला फार झोप आली.

६

जाग आली ती दिवाणावर. सकाळ झाली होती. पाणी येऊन गेलं असावं, पिंप भरलेलं होतं. त्याला कोणी उठवलं नव्हतं.

पंढरीनाथ कुठं दिसेनात. धर्माजीच्या मनात पहिला आला तो आनंद. निघून गेला! टळला एकदाचा!

"चहा घ्या," स्वप्नालीनं चिनीमातीचा कप पुढे केला. "पप्पा, घ्या ना. गार होतोय."

धर्माजीनं मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"माझा पेला कुठाय?"

"कुठला पेला?"

"आणि तुझे वडील कुठं गेले?"

स्वप्नालीनं आधी हसून बघितलं, मग हसणं मावळलं. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "पप्पा, काल गोळी घेतली होती ना शुगरची?"

मला कुठं शुगर आहे, असं तो म्हणणार होता. पण जीभ चवीला गोड लागत होती, आणि बाजूच्या स्टुलावर गोळ्या होत्या. भिंतीवर हार घातलेला एका बाईचा फोटो होता. त्याला नाव घ्यायचं होतं, अनसूया. तोंडातून "मनोरमा" निघालं, स्वप्नालीच्या आईचं नाव. फोटोतल्या बाईला दोन्ही शोभत होतं.

डावा हात त्यानं लेंग्याच्या खिशात घातला. मुद्दाम नाही, हात आपला गेला. मग तो काढायचा धीर होईना.

तो तसाच गाळ्याकडे निघाला. स्टेशनच्या बाजूनं, पायांना पाठ असलेल्या वाटेनं. पण पाय दोनदा चुकले. गाळ्यात प्रेसचा धडाका चालू होता. या आवाजात तो जन्मभर झोपूसुद्धा शकला असता, आणि आज त्याचे कान दुखायला लागले. जुन्या शेठचा मुलगा जितेशभाई धावत पुढे आला.

"आओ आओ साहेब! यतीनभाईचे सासरे ना तुम्ही? ए, खुर्ची पुसून दे रे, साहेबांचे कपडे खराब होतील."

"जितेश, मी धर्माजी."

"कौन धर्माजी?"

"डाय बनवायचा तो. तुझ्या बापाच्या वेळचा. तुला खांद्यावर घेऊन फिरवलाय मी."

जितेशभाई कानकोंडा झाला. मोठ्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं, अशा चेहऱ्यानं म्हणाला, "होगा साहेब. खूप लोक येऊन गेले. आपण काय शोधताय?"

धर्माजी मागच्या मांडणीकडे गेला. तिथं जुन्या डाया असतात, हे त्याला ठाऊक होतं. खालच्या फळीवर, धुळीत, ती होती. पेल्याची, त्याची पहिली. उजव्या हातानं त्यानं धूळ पुसली. तोंडावर हातोड्याचा घाव होता. आजूबाजूला गंज, आणि घाव आतून चकचकीत, ताजा.

"ही कोणी मारली?"

"बापू के टाइम का माल है, साहेब. ज्यानं केली असेल त्यानंच मारली असेल. अशी रीत होती ना तेव्हा."

बाहेर पडायच्या वाटेवर पॉलिश करून ठेवलेल्या पराती भिंतीला उभ्या लावल्या होत्या. आरशासारख्या. धर्माजी त्यांच्यासमोरून मान खाली घालून गेला. डोळ्यांच्या कोपऱ्यात त्याच्याबरोबर कोणीतरी चालत होतं. चष्मा होता, चाल सावध होती. बघितलं असतं तर नीट दिसलं असतं. त्यानं बघितलं नाही.

७

संध्याकाळी तो गॅलरीत बसला होता. इमारतींच्या फटीतून मिठागरांचं पाणी लाल दिसत होतं. आपल्याला ताप आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. ताप उतरला की सगळं जागच्या जागी येईल. व्याही येतील, त्यांच्याशी आपण नीट वागू. एवढं कबूल करायलाही तो तयार झाला होता.

यतीन आला आणि खुर्ची ओढून त्याला लागून बसला. अगदी खांद्याला खांदा. किती वर्षांनी!

"बरं वाटतंय का तुम्हाला?" यतीननं विचारलं.

तुम्हाला.

"काम दिलं सकाळी," यतीन म्हणाला. "साहेब खूष आहे. पण पप्पा, एक विचारू? नमुन्यात मी आपलं घर घातलं होतं. त्यात दोन चौकोन होते म्हाताऱ्या माणसांचे. तुमचा भरायला किती सोपा. पेन्शन, पॉलिसी, डॉक्टर, स्वप्नाली, परळची जागा, रेघाच रेघा. दुसऱ्यात मला काही लिहिताच येईना. जन्मतारीख नाही, कागद नाही, काही नाही. एकच रेघ होती. माझ्याकडे येणारी."

तो मिठागरांकडे बघत होता.

"कायद्यानं तो काढून टाकायचा. पण माझ्यानं होईना. महिनाभर रोज बघायचो. तो चौकोन रिकामा म्हणून मला लाज वाटायची, आणि सगळ्या चित्रात माझा म्हणावा असा तोच एक होता. आज बघतो तर नाही. मी कधी काढला? आणि तो कोणाचा होता, हेच मला आठवत नाहीये. हसू नका. म्हणजे बाबा… माझे बाबा असते तर… ते कसे होते हो, पप्पा? तुम्ही बघितलं होतंत ना त्यांना?"

धर्माजीला ओरडायचं होतं, अरे, मीच तो. पण घशातून सावकाश, नीटनेटका, कोडी सोडवणारा आवाज निघाला. "शांत हो, यतीन."

त्यानं खिशातून डावा हात काढला. संध्याकाळच्या उजेडात धरला. पाच बोटं. गोरी, सरळ. एकही पेर कमी नाही.

स्वप्नाली पाणी घेऊन आली. एक पेला बापाला, एक नवऱ्याला. यतीननं घोटभर पिऊन आपला पेला खाली लादीवर ठेवला.

टुक.

आणि यतीन थांबला. मान जराशी कलती करून, श्वास धरून, कशाची वाट बघतोय हे त्याचं त्यालाही कळत नसावं, असा तो लादीकडे कान देऊन बसून राहिला. चेहरा उलट्या डब्यावर बसणाऱ्या पोराचा झाला होता.

दुसरा आवाज आला नाही. तरी तो ऐकतच होता.

त्याला लागून बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं धड बोटांची मूठ आवळली. ज्याच्यासाठी पोरगा असा थांबला होता, त्या एका रेघेच्या माणसाचा त्याला एवढा हेवा वाटला, एवढा, की तो आत्ता समोर असता तर त्यानं त्याला पुन्हा मारला असता.